शोकान्तिका आणि शाळकरी वाचक

आमच्या गावी दर रविवारी सकाळी दहाबारा मराठी कुटुंबांतील मुलांसाठी वाचनाचा एक वर्ग भरतो. ‘आमचे गाव’ म्हणजे सध्या कोटा. केंद्र सरकारच्या कचेरीतील कारकुनास ‘गाव’ हा शब्द नेहमी ‘सध्या’ या शब्दाच्या सोबतीनेच वापरावा लागतो, हे या मासिकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. वर्ग आळीपाळीने कोणाच्या तरी घरी असतो, शिक्षक म्हणून बी. ए. ला मराठी घेतलेला मी, आणि दक्षिणा म्हणून त्या घरचे पोहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही ‘श्यामची आई’ वाचावयास घेतले. पुस्तकातील आठदहा रात्री झाल्या असतील. नववीत शिकणारी, आमच्याच एका स्नेह्यांची कन्या पुस्तकावरून नजर उचलून म्हणाली, “काका, साने गुरुजी वारले कसे?”

मी म्हणालो, “आजारी होते.” आणि पुढची रात्र वाचावयास सांगितले.

हे उत्तर खोटे होते. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपल्या हातांनी आपले जीवन संपविले, ही गोष्ट मराठी वाचकांस सत्तर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. ती मलाही ठाऊक होती, आणि पुढे कळले त्याप्रमाणे प्रश्न विचारणाऱ्या मुलीलाही होती. तिने ती आदल्याच दिवशी वडिलांच्या मोबाइलवर वाचली होती. तिला माहिती नको होती. या विषयावर मोठ्या माणसाशी बोलता येते किंवा नाही, एवढेच तिला पाहावयाचे होते. माझ्या दोन शब्दांनी तिला त्याचे उत्तर मिळाले.

त्या दिवसापासून मी स्वतःलाच एक प्रश्न विचारीत आहे. वाङ्मयाचा अभ्यास केलेल्या माणसाची जीभ नेमकी येथेच का अडखळावी? मृत्यू हा तर आपल्या अभ्यासाचा आवडता विषय. गडकऱ्यांच्या सुधाकराविषयी मी परीक्षेत चार पाने भरभरून लिहिली होती. जुन्या ट्रंकेत ती टिपणे अद्याप आहेत, काढून पाहिली. प्रश्न असा होता, की ‘एकच प्याला’ या नाटकाचा शेवट अटळ आहे काय? आणि माझे उत्तर: होय, अटळ आहे; स्वभावदोष, परिस्थिती आणि नियती यांच्या त्रिवेणी संगमातून तो अपरिहार्यपणे निष्पन्न होतो. प्राध्यापकांनी समासात लाल शाईने ‘उत्तम’ असा शेरा मारलेला आहे.

हा ‘अटळ’ शब्द आमच्या टीकेने ॲरिस्टॉटलच्या घराण्यातून आणला आणि त्याला मानाचे पान दिले. ज्या कलाकृतीचा शेवट टळू शकला असता ती कच्ची, जिचा टळू शकला नसता ती थोर. कलेच्या विचारात यात वावगे काही नाही. नाटककाराने पात्राची कोंडी अशी करावी की प्रेक्षकाला दुसरी वाट दिसू नये, हे त्याचे कसबच आहे. पण हे पुस्तक ज्याच्या हाती आपण देतो तो सोळा-सतरा वर्षांचा आहे, आणि कोंडीत सापडलेल्या मनाला नेमके हेच वाटत असते, की दुसरी वाट नाही. तेथे ‘अटळ’ हा शब्द रसग्रहणाचा राहत नाही. दुखण्याचे जे लक्षण त्यालाच आपण सौंदर्याचे नाव देतो. टीकाकारास हा फरक कळतो, कारण तो चाळिशीचा असतो आणि त्याला महिना संपल्यावर पगार मिळतो. विद्यार्थ्याला तो कोणी सांगितल्यावाचून कसा कळावा?

यावर कोणी म्हणेल, मग मुलांच्या हाती शोकान्तिका देऊच नयेत. हा उपाय जुना आहे आणि तो करूनही पाहिला गेला आहे. गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी १७७४ साली निघाली तेव्हा लेखक पंचविशीच्या आसपासचा होता. निराश प्रेमिकाच्या पत्रांचे ते पुस्तक युरोपच्या तरुणांनी असे डोक्यावर घेतले की नायकाचा निळा कोट आणि पिवळी बंडी यांची फॅशन झाली. काही तरुणांनी त्याच्या अंताचेही अनुकरण केले, अशी बोलवा उठली. पुढच्याच वर्षी लाइप्झिग शहराने पुस्तकावर आणि त्या पोशाखावरही बंदी घातली. स्वतः गटेने १७७५ च्या आवृत्तीत वाचकाला सावध करणारी पद्ये घातली. आपल्या नायकावर खुद्द लेखकानेच शेरा मारावा, असे वाङ्मयात क्वचितच घडते. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ साली वृत्तपत्रांतील अशा बातम्यांचा व त्यांच्यामागून येणाऱ्या मृत्युसंख्येचा संबंध तपासला, आणि जी अनुकरणाची लाट त्यांना आढळली तिला त्यांनी या वेर्थरचेच नाव दिले.

येथपर्यंतची कथा पुष्कळांस माहीत असते, आणि ती ऐकून पालक म्हणतात, “पाहा, म्हणूनच या विषयाचे नाव काढू नये.” पण कथेचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. वेर्थरनंतर सतरा वर्षांनी, ३० सप्टेंबर १७९१ रोजी, व्हिएन्ना येथे मोझार्टचे ‘मायावी बासरी’ हे संगीतनाटक रंगभूमीवर आले. त्यात पापागेनो नावाचा एक पारधी आहे. पक्षी पकडून विकावे, खावे, प्यावे, बडबड करावी, असा साधा जीव. प्रिया दुरावली म्हणून तोही एका क्षणी जगण्याची आशा सोडतो. पण जाण्यापूर्वी तो थांबतो. कोणी हाक मारील काय म्हणून वाट पाहतो. तीन आकडे मोजतो, आणि तेही शक्य तितके लांबवीत. तेवढ्यात तीन मुलगे येतात आणि त्याला त्याच्याच जवळच्या, पण दुःखात विसरलेल्या घंटांची आठवण करून देतात. त्याच नाटकात थोडे आधी नायिका पामिना हिलाही त्याच तीन मुलग्यांनी सावरलेले आहे. कोणी राजा, पुरोहित वा पंडित येथे कामास येत नाही. येतात ती पोरे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. २०१० साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी वृत्तपत्रांचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळले की असा विचार मनात येऊनही त्यातून निभावून गेलेल्या माणसांच्या हकीकती जेथे छापून येतात, तेथे मृत्यूंचे प्रमाण घटण्याकडे कल दिसतो. त्या परिणामाला नाव मिळाले या पारध्याचे.

म्हणजे प्रश्न बोलावे की बोलू नये हा नव्हे. कशा रीतीने बोलावे, हा आहे. आणि ‘कशा रीतीने’ हा प्रश्न टीकाशास्त्राचा आहे, केवळ वैद्यकाचा नव्हे.

आपल्याकडे या दृष्टीने सर्वांत धीट ग्रंथ, माझ्या मते, कठोपनिषद हा होय. नचिकेताकडे आपण ब्रह्मविद्येचा जिज्ञासू म्हणून पाहतो, आणि तो एक शाळकरी मुलगा आहे हे विसरतो. बाप यज्ञात मरतुकड्या गाई दान देत आहे हे त्याला खटकते. तो विचारतो, “मला कोणाला देणार?” एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा बाप रागाच्या भरात म्हणतो, “तुला मृत्यूला दिला.” हे वाक्य बापाला मनापासून म्हणावयाचे नव्हते, हे प्रत्येक बापाला कळेल, आणि मुलाने ते खरे मानले, हे प्रत्येक मुलाला कळेल. तीन रात्री मुलगा यमाच्या दारी उपाशी बसतो. यम वर देऊ लागतो तेव्हा पहिला वर तो कोणता मागतो? ब्रह्मज्ञान नव्हे, स्वर्गही नव्हे. वडिलांचा राग शांत व्हावा, आणि मी परत गेलो म्हणजे त्यांनी मला ओळखून प्रेमाने बोलावे, हा त्याचा पहिला वर. भाष्यकारांनी तिसऱ्या वरावर ग्रंथ रचले. पहिल्या वरावरही एखादा असता तर आम्हां पालकांची सोय झाली असती.

आता अलीकडच्या दोन कृतींकडे वळू. जे ॲशर या अमेरिकन लेखकाची ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही कादंबरी २००७ सालची. २०१७ मध्ये तिची मालिका निघाली आणि आमच्या मुलांनी ती आमच्या नकळत पाहिली. मृत मुलगी ध्वनिफितींवर तेरा कारणे सांगून जाते आणि एकेका कारणाला एकेक माणूस जबाबदार ठरतो. रचना चतुर आहे, पण विचार घातक. मरणानंतरही आपण बोलू शकू, ऐकणारे रडतील, आणि आपण ते पाहत असू, हे कोवळ्या मनाचे जुनेच दिवास्वप्न. मालिकेने त्याला कथानकाचा आकार दिला. मुलीच्या मनाच्या आजाराविषयी त्यात फारसे काही नाही, आणि मदत मागितली तर ती मिळत नाही असाच धडा आहे. मालिका आल्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेत १० ते १७ वर्षांच्या मुलांतील मृत्यू वाढल्याचे एका अभ्यासात दिसले. त्या अभ्यासावर पुढे आक्षेपही घेण्यात आले. पण त्यातील सर्वांत भडक दृश्य निर्मात्यांनीच २०१९ साली काढून टाकले, हे पुरेसे बोलके आहे.

त्याच २०१९ सालचा नितेश तिवारी यांचा ‘छिछोरे’ हा हिंदी चित्रपट मला या मालिकेहून कितीतरी शहाणा वाटतो, त्याचे विनोद काही ठिकाणी वसतिगृहाच्या पायरीवरून खाली उतरत नाहीत हे मान्य करूनही. प्रवेश परीक्षेत अपयश आलेला मुलगा रुग्णालयात आहे, आणि बाप त्याच्या उशाशी बसून स्वतःच्या कॉलेजातील हरलेल्या मित्रांची गोष्ट सांगतो. त्यात बापाची एक कबुली आहे: तू यशस्वी झालास म्हणजे आपण काय करायचे हे मी तुला सांगितले होते, नापास झालास तर काय करायचे हे कधीच सांगितले नाही. चित्रपटाचे मर्म या कबुलीत आहे. शिवाय बापाच्या गोष्टीतले मित्र शेवटच्या सामन्यातही हरतातच. दिग्दर्शकाने त्यांना जिंकविण्याचा मोह आवरला, हे फार चांगले केले. मुलाच्या बाबतीत मात्र तो मोह त्याला आवरला नाही. शेवटी मुलगा कॉलेजात जाताना दाखविल्यावाचून चित्रपट संपत नाही. जणू जगण्यालाही प्रवेशपत्राचा पुरावा लागतो! या चित्रपटातील पित्याची भूमिका करणारा गुणी नट पुढच्याच वर्षी, जून २०२० मध्ये गेला, आणि दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी त्या मृत्यूचे महिनोन् महिने जे केले ते आपण पाहिले. अशा बातम्या ठळक करू नयेत, रीत वर्णू नये, एकच कारण चिकटवू नये, हे भारतीय वृत्तपत्र परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्येच छापील वृत्तपत्रांसाठी सांगून ठेवले होते. तो शहाणपणा वाहिन्यांपर्यंत पोचला नाही.

नापास नायकाच्या बाबतीत आमची मराठी कादंबरी हिंदी पडद्याच्या पुष्कळ पुढे आहे. १९६३ सालच्या ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर पुण्याहून सर्व बाजूंनी हरून खेड्यात परततो. त्याला कोणी हार घालीत नाही, त्याचे काही भलेही होत नाही. तो नुसता असतो, आणि आपली हकीकत सांगतो. एके काळी टीकाकारांनी यावर ‘शून्यवाद’ म्हणून शेरा मारला. कोटा शहरात राहून ती कादंबरी पुन्हा वाचली तेव्हा मला तिच्यात एक निराळीच माया दिसली. हरलेल्या मुलाला घरी परत येऊ देणारी ती कादंबरी आहे.

कोट्याचे वर्णन मी करीत नाही. वृत्तपत्रांनी ते पुरेसे आणि बहुधा वाईट रीतीने केले आहे. एकच ठिकाण सांगतो. तलवंडी भागात राधाकृष्णाचे एक मंदिर आहे. त्याच्या भिंतींवर वर्षानुवर्षे विद्यार्थी आपली मागणी लिहीत आले आहेत. कोणी क्रमांक मागतो, कोणी कॉलेजचे नाव लिहितो, कोणी आईबापांचे सुख मागतो. भिंत भरली की रंग देतात, आणि पुन्हा ती भरते. ज्यांना शहरभर ऐकणारा कोणी सापडला नाही त्यांनी देवाकडे केलेले हे अर्ज आहेत. कचेरीत आलेल्या अर्जाला आवक क्रमांक तरी पडतो! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचे मृत्यू या सदरात मोडले. यातले बहुसंख्य कोट्याचे नव्हेत. ते आपल्या-आपल्या गावचे आहेत. बदल्यांमुळे ज्यांच्या मुलांनी दहावीपर्यंत चार शाळा आणि तीन भाषा बदलल्या, त्या आपणांसारख्यांनी हा आकडा कोचिंगच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये.

मुलांना शिकवावयाचे म्हणजे नेमके काय, याचे मला पटलेले उत्तर युरोपातून आलेले आहे. दहा देशांतील १६८ शाळांत, पंधरा वर्षे वयाच्या सुमारे ११,००० मुलांवर तीन निरनिराळे उपाय करून पाहण्यात आले. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. एका उपायात शिक्षकांस धोक्याची लक्षणे ओळखण्यास शिकविले. दुसऱ्यात तज्ज्ञांनी मुलांची चाचणी घेऊन गरज असलेल्यांस पुढे पाठविले. तिसऱ्यात मुलांनाच बसवून बोलते केले. चार आठवड्यांत एकूण पाच तास, त्यांतले तीन तास छोट्या-छोट्या नाट्यप्रवेशांचे. कठीण प्रसंग मुलांनी स्वतः उभा करावयाचा, आणि कोण काय बोलू शकला असता ते करून पाहावयाचे. वर्षानंतर पाहता, नेहमीप्रमाणेच सोडलेल्या गटात जीवन संपविण्याचा प्रयत्न केलेल्यांचे प्रमाण शेकडा १.५१ होते, तर या तिसऱ्या गटात ०.७०. पहिल्या दोन उपायांनी तसा ठळक फरक पडला नाही. (या उपक्रमाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे एकत्र वाचली तर ‘यम’ असा उच्चार होतो, नचिकेताला हसू आले असते.) प्रश्न विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीतीही निराधार आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर याचीच परीक्षा झाली, आणि विचारल्याने कोणाचेही मन अधिक बिघडल्याचे २००५ सालच्या त्या अहवालात दिसले नाही. आपल्या सरकारनेही नोव्हेंबर २०२२ च्या राष्ट्रीय धोरणात आठ वर्षांच्या आत सर्व शिक्षणसंस्थांत मनःस्वास्थ्याचा अभ्यासक्रम आणण्याचे ठरविले आहे. फाइल कोणत्या टेबलावर आहे ते मला सांगता येणार नाही.

मी हे वाचल्यावर वर्गात एक प्रयोग केला. दहावीच्या पुढच्या चार मुलांस ‘एकच प्याला’ दिले आणि सांगितले, शेवट अटळ होता की नाही यावर वाद घालू नका. जेथे कोणी एक वाक्य बोलला असता तर कथा वळली असती, अशा जागांवर पेन्सिलीने खूण करा. मला वाटले होते चारपाच खुणा होतील. अकरा झाल्या. सुधाकर दारू सोडून, मान खाली घालून काम मागावयास जातो आणि सभ्य लोक त्याला झिडकारतात, तेथे चौघांनीही खूण केली होती. माझ्या चार पानांच्या उत्तरात या प्रसंगाला अर्धी ओळ मिळाली होती. एका मुलाने सिंधूच्या मुखातील सोशीक उद्गारांसमोर खूण करून लिहिले, “हिने भावाला सगळे सांगायला हवे होते.” नाटकाची थोरवी यामुळे कमी झाली असे मला वाटत नाही. उलट गडकऱ्यांनी प्रत्येक दार किती काळजीने आधी दाखविले आणि मग लावून घेतले, हे मला प्रथमच दिसले.

मग गुरुजींकडे परत येणे भाग होते. त्यांच्या मृत्यूविषयी आपण दोन रीतींनी लिहितो. एक माझी, म्हणजे एका वाक्यात उरकण्याची. दुसरी अधिक काव्यमय: असे हळवे, असे निर्मळ मन या कठोर जगात टिकणार कसे! स्वातंत्र्यानंतरच्या भारताची अवस्था त्यांना पाहवेना, म्हणून फूल कोमेजले. पहिली रीत खोटी आहे, पण दुसरी अधिक घातक आहे असे मी आता म्हणतो. जो हळवा त्याचा शेवट असाच, हे ‘अटळ’चेच दुसरे रूप आहे, आणि वर्गातील सर्वांत हळवे मूल ते लक्षपूर्वक ऐकत असते. याच माणसाने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून प्राण पणास लावले आणि मंदिर खुले करविले, १९४८ साली ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. हळवेपणा त्या सर्व कर्तृत्वाच्या मुळाशी होता. मृत्यूच्या मुळाशी मनाचे असह्य दुःख होते, आणि तशा दुःखावर आज उपाय आहेत. हे दोन निरनिराळे आहे असे मुलांना स्पष्ट सांगता आले पाहिजे. आणि ‘श्यामची आई’ची घडण तरी कशी आहे? तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, पाच दिवसांत लिहिलेल्या त्या पुस्तकात आश्रमातील मित्र रात्री जमतात, एक जण आपले दुःख उलगडतो आणि बाकीचे ऐकतात. बेचाळीस रात्री ऐकतात. आम्ही या पुस्तकातील आईवर इतके लिहिले की त्यातल्या श्रोत्यांकडे कोणाचे लक्षच गेले नाही.

शब्दाविषयीही थोडे सांगणे प्राप्त आहे. ‘आत्महत्या’ या शब्दात ‘हत्या’ आहे, आणि १८६० च्या दंडसंहितेत ३०९ व्या कलमाखाली त्या प्रयत्नाला शिक्षाही होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावयास सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत त्या कलमाला जागाच राहिली नाही, केवळ लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा ठेवला आहे. कायदा बदलला, आमच्या घरांतील कुजबुज अजून जुन्याच कलमावर चालली आहे.

दोन रविवारांनंतर मी त्या मुलीला तिच्या आईसमक्ष म्हणालो, “त्या दिवशी मी तुला खोटे सांगितले.” आणि जे वर लिहिले ते साध्या शब्दांत सांगितले. तिने ऐकून घेतले. मग मी विचारले, “हा प्रश्न तू स्वतःसाठी विचारला होतास का? तुझ्या मनात कधी मरणाचे विचार येतात का?” हे वाक्य उच्चारताना माझा घसा कोरडा पडला, हे कबूल करतो. ती म्हणाली, “माझ्या नाही, काका. माझ्या मैत्रिणीच्या.” मैत्रीण तिच्याच वर्गातली, बदलीने आलेल्या एका बंगाली कुटुंबातली. कोणाला सांगू नकोस अशी तिने शपथ घातली होती, आणि ती शपथ ही मुलगी महिनाभर एकटी वागवीत होती. अशी शपथ मोडावयाची असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. त्याच संध्याकाळी तिची आई मैत्रिणीच्या घरी गेली. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक तिने कागदावर लिहून नेला होता. त्या आईने तो तिच्यासमोरच फिरविला. पुढच्या आठवड्यात मुलीला डॉक्टरांकडे नेले. औषध चालू आहे, आणि शाळेतही ती जाते.

गेल्या रविवारी आमच्या वर्गात चोविसावी रात्र झाली. ती मैत्रीणही आली होती. तिला मराठी येत नाही. आमची मुलगी शेजारी बसून तिच्या कानात एकेक वाक्य हिंदीत सांगत होती, त्यामुळे वाचनाला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला आणि पोहे थंड झाले.